आधी कोपऱ्यातल्या देवाला

काही शतकांपूर्वी रशियात गेलेल्या एका इंग्रज व्यापाऱ्याचं प्रवासवर्णन वाचत होते. तो लिहितो, इथला माणूस कुणाच्याही घरात शिरला की आधी कोपऱ्यातल्या देवाच्या तसबिरीपुढे वाकतो, यजमानाकडे मागाहून वळतो. त्याला हे फार विचित्र वाटलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या मालतीकाकू आमची वाटी परत द्यायला आल्या. चपला काढून सरळ देव्हाऱ्याकडे गेल्या, हात जोडले आणि मग मला म्हणाल्या, "काय वाचतेयस?"

मी त्यांना तो उतारा सांगितला. त्या जरा विचारात पडल्या.

"आणि हा साहेब त्यांच्या घरी गेल्यावर काय करायचा?"

"थेट यजमानाला भेटत असेल."

"मग त्या लोकांना काय वाटत असेल गं?"

ते पुस्तकात नव्हतं. त्या घरच्यांनी त्याला बसायला दिलं असेल आणि वाटलं ते मनातच ठेवलं असेल.

काकू गेल्यावर आठवलं, त्यांच्याकडे गेले की मी देवाकडे न बघताच खुर्चीत बसते. वीस वर्षं बसतेय. काकूंनी दर वेळी चहा घेणार का, एवढंच विचारलंय.