बाबाच्या हातासाठी घेतलेलं एक्स्पान्शन

"पागल झाला का बे तू?" आई म्हणाली. "बापाचा हात लुळा पडला अन् तू आगगाड्यांचा खेळ विकत घेऊन राहिला? छत्तीस वर्षांचा घोडा झाला!"

खेळ माह्याजवळ आधीपासूनच होता, कॉम्प्युटरवर शहर वसवायचा. रस्ते टाका, पाणी द्या, घरं बांधा, मंग लोक राहाले येतात अन् कचरा उचलला नाही म्हणून बोंबलतात. मी घेतलं ते त्याचं एक्स्पान्शन, म्हणजे त्याच खेळाले वरून जोडायचा नवा तुकडा. त्यात मालगाड्या होत्या, वॅगन होत्या, अख्खं यार्ड होतं. किंमत जवळपास मूळ खेळाएवढी. इंटरनेटवर लोक शिव्या घालून राहिले होते की एवढ्याशा तुकड्याचे एवढे पैसे कावून द्यायचे. मी एकही रिव्ह्यू पुरा वाचला नाही. खेळ चांगला की वाईट, ते माह्या डोक्यातच नव्हतं. मले बाबाचा उजवा हात हलताना पाहायचा होता.

बाबा भिलाई-3च्या यार्डात शंटिंग मास्टर होते. डब्बे जोडायचे, तोडायचे, अन् खाली उभं राहून इंजिनवाल्याले झंडी दाखवायची. ये, हळू ये, थांब. इंजिनवाल्याले मागचं काही दिसत नाही, तो या एका माणसाच्या हाताच्या भरवशावर गाडी ढकलते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली अन् त्याच हाताच्या बाजूले लकवा मारला. पाय सुधरला, जीभ सुधरली, हात तसाच राहिला. आमच्या हुडको कॉलनीतल्या घरी फिजिओथेरपीवाली मॅडम येत होती, सुपेल्याहून, स्कूटीवर. तिनं पहिल्याच आठवड्यात मले बाजूले घेऊन साफ सांगतलं होतं, "भैया, छह महीने में जितना आ गया, आ गया. बाद में बहुत मुश्किल है."

चार महिने बाबानं केलं सगळं. मंग एका सकाळी मॅडमले दारातूनच वापस पाठवलं. "बेटा, अब मत आना. नहीं होता."

मी समजावलं, आईनं समजावलं, विहारातले दोघं-तिघं येऊन समजावून गेले. पालथ्या घड्यावर पाणी! सकाळपासून माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याचं सामान सांभाळून राहिल्यासारखा. कोणाशी बोलणं नाही, टीव्ही नाही, पेपर नाही. वीस-बावीस दिवस असे गेले. घरात मोठ्यानं बोलायची चोरी झाली होती. अन् मी मुळातच तापट, माह्या नाकावर राग. स्टील प्लांटमधे एका ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन आहे मी. दिवसभर दुसऱ्याचं ऐकून घेतो, मंग घरी आल्यावर मले कोणाचं ऐकवत नाही.

एका रविवारी मी त्याच खोलीत मूळ खेळ लावून बसलो होतो, त्यात एक-दोन साध्या पॅसेंजर गाड्या होत्या, अन् मागून आवाज आला.

"ते गाडी चुकीची उभी हाये."

मी वळून पाहिलं. बाबा स्क्रीनकडं पाहून राहिले होते. "मेन लाइनवर उभी केली बे तू. मागची येईन तं कुठं जाईन?"

इतक्या दिवसांत स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो अन् हातपाय धुवायच्या आधी एक्स्पान्शन घेऊन टाकलं.

आईले पटणं शक्यच नव्हतं. पण ज्या ऑनलाइन दुकानातून घेतलं, त्याचा एक नियम होता. घेतल्यावर दोन घंट्यांपेक्षा कमी खेळलं असलं तर पैसे वापस. मी तिले शांत कराले हे सांगतलं अन् तिथंच फसलो.

"मंग ठीक हाये," आई म्हणाली. "दोन घंटे. तेवढ्यात ह्यांनी उजवा हात हलवला तं ठेव तुह्या गाड्या. नाही हलवला तं वापस कर, अन् ह्यांच्या मागं लागणं सोड. मी बी सोडते. माह्याच्यानं हे रोजचं नाही पाहवत आता."

म्हणजे सवाल खेळाचा राहिला नव्हता. दोन घंट्यांनंतर आम्ही मायलेक बाबाच्या हातावर पाणी सोडणार होतो, अन् मॅडमच्या सहा महिन्यांतला उरलेला महिना-सव्वा महिना तसाच निघून जाणार होता. बाबाले यातलं काही सांगतलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी टेबल बाबाच्या खुर्चीपुढं सरकवला. माउस मुद्दाम उजवीकडं ठेवला. आई संध्याकाळची मेथी निवडत दारात बसली, पण तिचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर.

बाबानं माउसकडं पाहिलं, मंग माह्याकडं. "तू चालव. मी सांगतो."

घ्या! घोडं इथंच अडलं.

"तुम्हीच चालवा ना बाबा, सोपं आहे."

"तू चालव म्हटलं ना."

मी चालवलं. म्हटलं, दहा मिनिटांत माही चूक पाहून चिडतीन अन् स्वतःच माउस ओढून घेतीन. पण ते कशाले चिडतात! ते तर कामाले लागले. पहिले डेड एंड टाक म्हणे, लाइन जिथं संपते तिथं. मंग सिग्नल. मंग दोन लाइनींच्या मधे जागा सोड, माणूस चालला पाहिजे. मी टाकून राहिलो, ते मोडाले लावून राहिले. "इथं माणूस उन्हात उभा राहीन का? सावली कुठं हाये? पाण्याचा नळ कुठं हाये?"

"बाबा, यार्डात माणूसच नसते या खेळात."

"मंग शंटिंग कोण करते?"

"आपोआप होते."

"आपोआप काही नाही होत," बाबा म्हणाले अन् मले एका झाडाखाली नळ लावाले लावला.

अर्धा घंटा झाला. एक घंटा झाला. गाडी एकही सुटली नव्हती. मी विचारत होतो, सोडू का? ते म्हणत होते, थांब. एकेक सिग्नल मोजून, एकेक सांधा पाहून झाल्याशिवाय त्यांच्या यार्डात गाडी हलत नव्हती. दुसऱ्या कोणत्या दिवशी मले हसू आलं असतं. त्या दिवशी मले घाम सुटला होता. मी स्क्रीन पाहतच नव्हतो, मांडीवरच्या हाताची बोटं पाहत होतो. एक बोट हललं असतं तरी मी आईले ओरडून सांगतलं असतं. काहीच हलत नव्हतं.

मी चाली करून पाहिल्या. बोट दुखते म्हणून कण्हलो. माउस सरकवत सरकवत त्यांच्या हाताले टेकवला. बाबानं डाव्या हातानं उजव्याची बाही धरली, हात उचलून अजून आत घेतला अन् म्हणाले, "ते तिसरी लाइन वाकडी दिसते." आईनं मेथीची काडी मोडली. पावणेदोन घंटे होत आले होते.

"बाबा, एकडाव तुम्ही पकडा."

"नाही."

"नुसतं बोट ठेवा."

"नाही म्हटलं ना!"

"कावून नाही?"

"मेला तो हात!" बाबा ओरडले. "कितीदा सांगू? मेला!"

माही सटकली. "मंग तुम्ही बी मेलेच म्हणा ना! जित्या माणसासारखं काय करून राहिले तुम्ही?"

हे मी बोललो. आपल्या बापाले. आज लिहितानाही लाज वाटते, पण बोललो ते बोललो. वरून तेवढ्यानं भागलं नाही. "घ्या तुमचं यार्ड," म्हटलं, अन् त्यांच्या परवानगीशिवाय सगळ्या गाड्या एका दमात सोडल्या, खेळाचा वेग वाढवला अन् बाहेर निघून गेलो. मागून आईचा आवाज आला, "तोंड हाये का गटार!"

गेटजवळ जाऊन उभा राहिलो. समोरचे अंकल स्कूटर धुऊन राहिले होते. "क्या हुआ?" त्यांनी विचारलं. "कुछ नहीं," मी म्हटलं. आत जाऊन पाया पडावं का, की असंच सुपेल्यापर्यंत चालत सुटावं, काही सुचत नव्हतं. अन् त्यात बी डोक्यात घड्याळ चालूच होतं, बारा मिनिटं उरली, दहा उरली. म्हटलं, वापसच करून टाकू. सगळंच वापस करून टाकू.

तेवढ्यात घरातून आवाज आला. "ए! ए! रोक! रोक!"

चपला तिथंच टाकून मी धावलो.

स्क्रीनवर मी सोडलेल्या दोन मालगाड्या एकाच लाइनवर समोरासमोर येऊन राहिल्या होत्या. बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते. अन् त्यांचे दोन्ही हात वर होते. डावा डोक्याच्या वर, सरळ. उजवा कानापर्यंत, कोपरात वाकलेला, मूठ मिटलेली, थरथरत होता, पण वर होता. कोणी धरला नव्हता त्याले.

हातात झंडी नसली अन् गाडी थांबवायची असली, तर रेल्वेवाला दोन्ही हात डोक्याच्या वर उभे करते. ड्रायव्हरनं ते पाहिलं की ब्रेक मारलाच पाहिजे. माउस, बटन, काही काही न आठवून बाबा त्या कॉम्प्युटरमधल्या ड्रायव्हरले हात दाखवून राहिले होते.

गाड्या थांबल्या नाहीत. एकमेकींच्या पोटातून आरपार गेल्या अन् आपापल्या वाटेनं निघून गेल्या. मंग मले समजलं, लोकांच्या शिव्या नुसत्या पैशासाठी नव्हत्या, या भानगडीसाठी बी होत्या.

बाबाचा हात धपकन मांडीवर पडला. ते खाली बसले, धापा टाकत. "टक्कर नाही झाली?"

"नाही होत बाबा. तशाच जातात. गडबड आहे त्यात."

"मंग दीड घंटा सिग्नल कशाले टाकले आपण?" मी खेळाचा वेग कमी केला. "फालतू हाये," बाबा म्हणाले. "ज्या यार्डात ॲक्सिडेंट होत नाही ते यार्ड कसलं? वापस कर हे."

"माय वं! काही वापस नाही करायचं!" आई उठली, मांडीवरची सगळी मेथी फरशीवर. "अहो, तुमचा हात!"

"काय झालं माह्या हाताले?"

"वर गेला होता!"

"डावा."

"दोन्ही! दोन्ही गेले होते!"

बाबानं माह्याकडं पाहिलं. "तू पाह्यला?"

मी मान हलवली. बाबा बराच वेळ त्या हाताकडं पाहत राहिले. मंग दात आवळून उचलाले गेले. खांदा वर आला, हात नाही. परत उचलला. मांडीवरून दोन बोटं वर उठला अन् पडला. कपाळावर घाम आला होता.

"मघाशी कुठवर गेला होता?" त्यांनी आईले विचारलं. आईनं आपल्या कानाले बोट लावून दाखवलं. बाबानं डाव्या हातानं आपला कान चाचपून पाहिला. मी खेळ बंद केला तवा पाहिलं, दोन घंटे होऊन सहा मिनिटं झाली होती. आईले सांगतलं तं ती म्हणाली, "राहू दे बाप्पा, महाग नाही पडलं."

मी बाबाजवळ खाली बसलो. "माह्यं चुकलं बाबा."

बाबा म्हणाले, "उद्या त्या मॅडमले फोन लाव. रोज ये म्हणा."

"आत्ताच लावतो! अन् मी ड्यूटी बदलून घेतो, मी बी बसत जाईन जवळ."

"तू नको."

"बाबा?"

"मॅडम असताना तू या खोलीत यायचं नाही," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, यार्डातलं काम वाटून दिल्यासारखं बोलले. "तू पाहून राहिला तं मले तुहं बोलणं आठवीन. मंग हात नाही उठणार."

मॅडम मंगळवारपासून येऊन राहिली. ती आली की मी स्वयंपाकघरात जातो अन् दार लोटून घेतो. "और थोड़ा, अंकल, और थोड़ा" ऐकू येते, बाबाचं कण्हणं ऐकू येते. ती गेल्यावर आई माह्याकडं येते अन् आपल्या अंगावर बोट ठेवून दाखवते, आज हात कुठवर गेला. पहिल्या दिवशी तिनं कमरेवर ठेवलं होतं. काल छातीवर ठेवलं. मी म्हटलं, बाबाले विचार ना, मी येऊ का पाहाले? आई आत जाऊन आली अन् म्हणाली, "अजून नाही म्हणतात."