टीचरनी चुना लावलेलं थडगं

आमच्या टीचर दरवर्षी स्वतःच्या थडग्याला चुना लावायच्या. थट्टा नाही. नवरा गेला तेव्हाच त्यांनी शेजारची जागा राखली, दगडावर आपलंही नाव कोरून घेतलं. तारीख तेवढी मोकळी. नोव्हेंबरात तंजावूरचे ख्रिस्ती लोक आपल्या माणसांची थडगी धुऊन-रंगवून मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी टीचर बादली आणि कुंचा घेऊन निघत. "राहायला जायचंय ना, मग जागा नीट नको?" म्हणत.

आमच्या मराठी घरात मरणाचं नाव निघालं की आई "शिव शिव" करायची. शाळेतून निवृत्त झालेल्या या तमिळ बाई आमच्या गल्लीतच राहायच्या, आमची मराठी त्यांनी आईकडूनच उचललेली. परतताना त्या कॉफीला येणार, म्हणून आई अंगणात पाणी काढून ठेवायची. स्मशानातून आलेलं माणूस तसंच आत कसं घ्यायचं? टीचर निमूट पाय धुवायच्या आणि हसायच्या. "अक्का, मरण काय फक्त आम्हा ख्रिस्तींनाच आहे?"

मग आईच आजारी पडली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, दोन-तीन महिने. मी आईला अल्सर सांगितला. टीचर मला म्हणाल्या, "अक्काला खरं सांग. तिला काही बोलायचं असेल, आवरायचं असेल."

मी उसळले. "तुम्हाला स्वर्ग आहे, टीचर. मला आई हवीय!"

"स्वर्ग आहे म्हणून नवरा गेला तेव्हा मी रडले नाही, असं वाटतं तुला? मित्र मेला तेव्हा येशूसुद्धा रडला गे. पण मरण तिचं आहे. ते तू लपवून ठेवू नकोस."

मी त्यांना घरी यायची बंदी केली. त्या रोज दाराशी पेज ठेवून जायच्या.

एका दुपारी आईनं विचारलं, "मी जाते आहे का गे?"

"काहीतरीच! पोंगलच्या सणाला चुलीपाशी तूच बसणार."

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. पुन्हा विचारलं नाही. चार दिवसांनी गेली.

आई गेल्यावर ती बंदी मीच मोडली. दोन वर्षांनी टीचरचे रिपोर्ट आणायला मीच गेले. त्यांना दुसरं कोण होतं? "काय म्हणाले डॉक्टर?" त्यांनी विचारलं. 'काही नाही' अगदी ओठांवर आलं होतं. जळलं मेलं हे तोंड, असं स्वतःला म्हटलं, आणि खरं काय ते सांगितलं.

टीचर म्हणाल्या, "भीती वाटते गे. पलीकडे देव आहे, हे मला ठाऊक आहे. पण उंबरा मलाच ओलांडायचाय." मी त्यांचे हात धरून बसले. दुसरं काय येत होतं मला?

पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी अबोला धरलेल्या बहिणीला तिरुवैयारूहून बोलावलं. दोघी भांडल्या, रडल्या, एका ताटात जेवल्या. पाद्रींकडून प्रार्थना करून घेतली. भीती गेली नाही, पण झोप लागू लागली. ते पाहताना एकच मनात यायचं: आईला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

शेवटी त्यांनी मला जवळ बसवलं. "आता तू बोल." आणि जे आईला म्हणायचं राहिलं होतं ते सगळं मी त्यांना म्हटलं, माफीसुद्धा मागितली. टीचरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अक्कानं तुला माफ केलं असेल, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. मी त्याच वाक्याची वाट पाहत होते.