खालच्यांचा निळा डबा

कुरामोची-सान एकतीस वर्षं आमच्या आकाशपाळण्याचा दांडा सांभाळत होते, आणि एकतीस वर्षांत त्यांच्या पाळण्यात चढताना कुणी अडखळलं नाही. एखादी म्हातारी आली की ते दांडा असा अलगद ओढायचे, की पाळणा तिच्यासाठी थांबलाय असंच तिला वाटायचं. खरं तर तो थांबलेला नसायचा. मी समोरच्या तिकिटाच्या खिडकीत. माझं नाव इवासा. इतकी वर्षं त्या माणसाची पाठ माझ्याइतकी कुणी बघितली नसेल, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क माझा आहे. आणि एका बाबतीत अजिबात नाही. तेही सांगते.

आमचं मित्सुमोरी पार्क डोंगरावर होतं. लाकडी रोलर कोस्टर, मुलांची आगगाडी, कायम रुसलेली चार माकडं आणि हा पाळणा. मग डोंगराखाली, समुद्राला लागून, शिओमी लँड उभं राहिलं आणि एका उन्हाळ्यात आमची निम्मी गिऱ्हाइकं खाली उतरली. तेव्हापासून आमच्यात कुणी त्याचं नाव घेत नसे. 'खालचं' म्हणायचं, आणि तिथं काम करणारे ते 'खालचे'. गंमत अशी की आमचा पाळणा वर गेला की खालचं सगळं दिसायचं. रोज संध्याकाळी त्यांच्या कालव्यातून दिवे लावलेल्या होड्यांची मिरवणूक निघायची, बँडबाजासकट. आमचे मॅनेजर तोकुदोमे-सान चिडून म्हणायचे, त्या बाजूनं पडदे लावा रे, आपल्याच पाळण्यातून त्यांची फुकट जाहिरात चाललीय.

आता रजेच्या डब्याचं सांगते, कारण सगळं त्या डब्यावरच अडलं. रजा घेऊन कुठं गेलं की तिथल्या मिठाईचा डबा आणायचा, सकाळी चहाच्या टेबलावर ठेवायचा आणि वाकून म्हणायचं, 'माझ्यामागे तुम्हाला त्रास झाला.' असा काही नियम कुणी केलेला नाही. पण डबा नाही आणला तर माणूस कामावर परत आलाय असं वाटतच नाही. सगळे एकेक नग उचलतात, विचारतात कुठला, आणि मग गप्पा. खालचा डबा तर लहान मूलही ओळखेल. निळाशार, झाकणावर दात काढून हसणारा डॉल्फिन. तो आमच्या टेबलावर कधी आला नव्हता.

कुरामोची-सानची बायको फुसाए-सान माशांच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला होती. रविवारी नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन यायची, सतरा नंबरच्या पाळण्यात बसून एक फेरी मारायची आणि उतरताना म्हणायची, "आजही निघाल्या हो होड्या. एकदा बसायचंय मला त्यात." ते म्हणायचे, बसू की. अशी वर्षं गेली. बसू की म्हणायला काय लागतं. मुलगी झाली, शिओरी, तीही नऊ वर्षांची झाली. वर्गातली सगळी मुलं खाली जाऊन आली होती, हिला मात्र बापाचा पाळणा तोंडपाठ.

त्या साली उन्हाळ्यात फुसाए-सानच्या पोटाचं दुखणं निघालं. ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले, दोन दिवस घरी घेऊन जा, कुठं फिरवून आणायचं तर आणा. ही सहल शेवटचीच असं कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. कुरामोची-सानांनी गुरुवारची रजा टाकली, अकरा वर्षांत पहिली. म्हणजे दिवस एकच, आणि पार्कं दोन.

मंगळवारी गर्दी नव्हती. ते माझ्या खिडकीशी आले, टोपी काढून हातात फिरवत उभे राहिले. म्हणाले, शिओरी खाली जाऊ म्हणतेय. फुसाए म्हणतेय कुठंही चालेल, वरसुद्धा चालेल. मी म्हटलं, मग?

"डबा कुठला आणू?" त्यांनी विचारलं.

आता मी कोण आहे ते ऐका. माझ्या दोन मुलांना घेऊन मी तोवर तीनदा खाली जाऊन आले होते. दर वेळी येताना स्टेशनवरच्या दुकानातून बेप्पूचे मांजू घेतले, गोड सारणाचे वाफवलेले. तिथं साऱ्या क्युशू बेटावरच्या मिठाया शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, घरी बसून जगभर फिरावं तसं. टेबलावर मांजू ठेवून मी सांगितलं, बेप्पूच्या गरम झऱ्यात डुंबून आलो, पाणी काय कढत होतं! कुरामोची-सानांनी दोन खाल्ले होते. तर त्या मंगळवारी एक वाक्य बोलायचं होतं मला: खाली जा आणि डबा स्टेशनवरून घ्या. पण चोराच्या मनात चांदणं. ते बोलायचं तर माझे कढत पाण्याचे मांजूही सांगावे लागले असते. मी चेष्टा केली.

"निळा डबा आणलात, तर तोकुदोमे-सान चहात बुडवून तुम्हालाच खातील."

ते हसले. टोपी डोक्यावर ठेवली, म्हणाले, बरोबर आहे, आणि दांड्याकडे परत गेले. माझी जीभ कशी झडली नाही तेव्हा, कुणास ठाऊक.

गुरुवारी दुपारी चारला तिघं आमच्या फाटकातून आत आले. कुरामोची-सानांनी लग्नाकार्यातला कोट घातला होता. घरच्यांना आमच्याकडे तिकीट लागत नाही, पण ते ऐकेनात. आज मी गिऱ्हाईक आहे म्हणाले आणि तीन तिकिटं घेतली. फुसाए-सान इतकी वाळली होती की तिचा कोट चालतोय आणि आत कुणी नाही, असं वाटत होतं. शिओरी तोंड फुगवून उभी. मी तिला फुगा दिला, तिनं घेतला नाही. "मला खाली जायचं होतं," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, सरळ फुग्याकडे बघून. फुसाए-सान हसून म्हणाली, अगं, इथून दोन्ही दिसतात, एका तिकिटात दोन पार्क. मला त्या बाईच्या डोळ्यांत बघवेना. मी उगाच सुट्टे पैसे मोजत बसले.

होड्या साडेपाचला निघायच्या. सव्वापाचला ते पाळण्याशी आले. त्या दिवशी दांड्यावर मोटारींच्या ट्रॅकवरचे ओनिझुका-सान होते. भला माणूस, पण हात म्हणजे हातोडा. पाळण्याला असा झटका बसला की फुसाए-सान पाऊल टाकता टाकता मागे कोलमडली. कुरामोची-सानांनी तिला सावरलं, कोट तसाच ठेवून दांडा हातात घेतला, सतरा नंबर अलगद तिच्या पायाशी आणला, मायलेकींना बसवलं आणि बाहेरून दार लावलं. तिघं मिळून बसायचे होते ते. पण दांडा सोडला असता तर वर जाईपर्यंत ओनिझुका-सानांनी तिला चार हिसके दिले असते, आणि तिच्या पोटाला ते सोसलं नसतं. म्हणून ते खालीच राहिले.

सतरा नंबर अगदी टोकाला पोचला आणि त्यांनी पाळणा थांबवला. माणसं बसलेली असताना, काही बिघाड नसताना, असं त्यांनी कधी केलं नव्हतं. दुसऱ्या पाळण्यात हायस्कूलच्या चार मुली होत्या, त्या ओरडायला लागल्या. मी माइकवर सांगितलं, किरकोळ तपासणी चालू आहे, घाबरू नका. खाली कालव्यात एकेक दिवा लागला, होड्या निघाल्या. अकरा मिनिटं. एक हात दांड्यावर, मान वर केलेली, लग्नातला कोट. त्या दिवशी मी त्यांची पाठ बघितली तशी पुन्हा कधी बघितली नाही.

खाली आल्यावर फुसाए-सान म्हणाली, "दिसल्या हो. सगळ्या दिसल्या." त्यांनी गिऱ्हाइकाला करतात तसा वाकून नमस्कार केला, आणि ती हसली.

शुक्रवारी सकाळी ते कामावर आले ते डबा घेऊनच. गेले तर कुठंच नव्हते, मग डबा कुठला? आमच्याच दुकानातली तांदळाची खारी बिस्किटं, आमच्याच माकडाचं चित्र असलेली. टेबलावर ठेवून वाकले. माझ्यामागे तुम्हाला त्रास झाला. आम्ही एकेक उचललं आणि कुणी मान वर केली नाही. मला वाटलं होतं, लाज फक्त मलाच वाटतेय.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फुसाए-सान गेली. शेवटचं दर्शन घ्यायला गेले तेव्हा शिओरी माझ्याशेजारी येऊन बसली. मी काही न विचारताच म्हणाली, "वर आई म्हणाली, किती छान दिसतंय. मग म्हणाली, गाणं मात्र ऐकू येत नाही." नऊ वर्षांची पोर, हवापाण्याचं बोलावं तसं बोलली. मी बाहेर गेले आणि भिंत धरून रडले. रडून काय होणार होतं? तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. पुढची बारा वर्षं ताकाला तूर लागू दिली नाही.

बारा वर्षांनी आमचं पार्क बंद झालं. लाकडाला कीड आणि खुर्च्या रिकाम्या, चालणार किती? शेवटी आम्ही बारा जण उरलो होतो. निरोपाचं जेवण उताराखालच्या कोंबडीच्या खानावळीत होतं. तिसऱ्या ग्लासानंतर ओनिझुका-सान म्हणाले, आता सांगायला काय हरकत आहे, मी खाली सात वेळा गेलोय. एकच हशा पिकला. मग कुणी म्हणालं मी चारदा, कुणी म्हणालं दर वर्षी. तोकुदोमे-सानांनीसुद्धा हात वर केला, नातवाला नेलं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. आणि डबे? सगळे स्टेशनवरचे. सगळे एकाच माळेचे मणी. लोक टेबल बडवून हसत होते. मीही अर्धा हात वर केला.

एकच हात मांडीवर होता. कुरामोची-सान माझ्याकडे वळले.

"इवासा-सान, ते बेप्पूचे मांजू?"

"स्टेशनवरचे," मी म्हटलं.

त्यांनी बाटली उचलली. "चांगले होते," म्हणाले आणि माझ्या ग्लासात बिअर ओतली. फेस जराही सांडला नाही.

त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी दारावरची घंटी वाजली. कुरामोची-सान. तोच कोट. दोन्ही हातांत निळा डबा, झाकणावर डॉल्फिन. ते कंबरेत वाकले.

"काल रजा घेतली होती. माझ्यामागे तुम्हाला त्रास झाला."

पार्क बंद, दांडा उचकटून भंगारात गेलेला, रजा घेतली ती कुणाकडून? पण माझी मान सवयीनं वाकली आणि तोंडातून निघालं, छे छे, आमची आठवण ठेवलीत. त्यांना आत घेतलं, चहा टाकला. डब्यात बारा नग, आम्हीही बाराच. माझ्यापासून सुरुवात केली होती. मी शिओरीचं विचारलं. ती ओसाकाला नोकरीला, चल म्हटलं तर फोनवर म्हणाली, बाबा, आता नको. म्हणून एकटेच जाऊन होडीत बसले.

"गाणं ऐकू येतं?" मी विचारलं.

"येतं तर. कानठळ्या बसतात. फुसाए कानात बोटं घालून बसली असती." ते हसले, आणि मग तळहातानं तोंड पुसलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

माझ्यानं राहवेना. मी चटईवर डोकं टेकलं. म्हटलं, त्या मंगळवारी खिडकीत मी एक शब्द बोलले असते, स्टेशनवरून घ्या एवढाच, तर ती होडीत बसली असती. माझ्या डब्याची लाज मला तिच्यापेक्षा मोठी वाटली.

"उठा हो," ते म्हणाले. "ते तिनंच सांगितलं होतं मला. दवाखान्यातच. म्हणाली, खाली जाऊ, येताना स्टेशनवरून दुसरा कुठला तरी डबा घ्या, सगळे तसंच करत असतील. मी चिडलो तिच्यावर. म्हटलं, माझी माणसं तसली नाहीत."

मी डोकं वर केलं नाही. त्यांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तिनं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, बरं, वरच जाऊ."

चहा संपवून त्यांनी डब्याला कापड बांधलं. अजून दहा घरं करायचीत, ओनिझुका-सान दुपारी झोपतात, त्याआधी गाठायला हवं, असं म्हणत बूट घातले. माझ्या वाट्याचा नग, डॉल्फिनच्याच आकाराचा, चटईवर ठेवलेला होता. डबा आणणाऱ्याचं खाल्लं नाही तर त्याचा अपमान होतो, म्हणून मी तो खाल्ला, तिथंच बसून, सगळा. चांगला होता. तेवढं तरी सांगावं म्हणून दाराशी धावले, तर ते उतारावरच्या वळणाला लागले होते, डबा जराही कलू न देता.