सात सीटांची ईर्षा

आधी बोटाच्या पेराने गाडीच्या काचेवर टकटक. मग दोन्ही तळवे डोळ्यांच्या कडेला लावून, काळ्या काचेला नाक चिकटवून मोठ्याने विचारायचं, "आत कोण हाय व्हय?"

आत, सात सीटांत, मी असायचो. एकटाच. काच खाली करावी तर पुढचा प्रश्न ठरलेला असायचा.

"मग बाकीची सा मानसं कुठं उतरली?"

हे आमच्या गल्लीतले गवळीमामा. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण कोल्हापुरात नाव लिहिलं की तीन भावक्या भांडायला येतात. तुम्ही आमच्या पेठेत कधी संध्याकाळी आला असाल तर तुम्ही त्यांना पाहिलंच असेल. तीन म्हशी घेऊन दूध कट्ट्यावर यायचे, तुमच्यासमोर धार काढायचे आणि फेसाने भरलेला ग्लास हातात द्यायचे. तुम्ही ओठावरची पांढरी मिशी पुसेपर्यंत तुमच्या तब्येतीवर चार शब्द बोलून मोकळे व्हायचे. "लई वाळलायसा. बायको म्हायेराला गेलीया का?" हे त्यांचं ग्राहकसेवेचं धोरण होतं.

माझं मेन रोडला चष्म्याचं दुकान आहे. मी पायी निघालो की मामा मला "भाऊ" म्हणायचे. गाडीत बसलो की तोच मी "पावणं" व्हायचो. "पावणं, जरा कडंनं घ्या की!" म्हणजे कुणीतरी परगावचा वाट चुकून गल्लीत शिरलाय. एकदा मी चिडून म्हणालो, "मामा, मी शेजारी आहे तुमचा." तर म्हणाले, "असशीला. पर येवढ्या मोठ्या डब्यात वळख लागत न्हाय बघा."

गाडी मी हौसेने घेतली होती, हे कबूल करून टाकतो. बाहेर सांगायला कारणं भरपूर होती. आईचे गुडघे. हातकणंगल्याची सासुरवाडी. पौर्णिमेला सगळ्यांनी मिळून नृसिंहवाडीला जाणं. सातजण आम्ही त्या गाडीतून बरोबर एकदा वाडीला गेलो. सर्वांत मागच्या सीटवर बसवलेला माझा मेहुणा गुडघे हनुवटीला लावून गेला आणि येताना बसने आला. त्यानंतर त्या सीटवर मी दुकानातली रिकामी खोकी ठेवू लागलो.

माझ्यामागून समोरच्यांनी घेतली. त्यांची पाहून कोपऱ्यावरच्यांनी घेतली. बघता बघता गल्लीत सहा मोठ्या गाड्या झाल्या, आणि गल्ली काही त्यांच्यासाठी वाढली नाही. घंटागाडी यायची बंद झाली, तेव्हा कचऱ्याच्या बादल्या घेऊन आम्ही सगळे मोठ्या गाड्यांचे मालक सकाळी चड्डीवर मेन रोडपर्यंत पळायचो.

एकदा माझी गाडी आणि मामांच्या म्हशी समोरासमोर आल्या. मी हॉर्न वाजवला. मामांनी जिभेने नुसता टक् आवाज केला. तिन्ही म्हशी एकामागोमाग एक भिंतीकडे सरकल्या, पोटं आत घेतली आणि माझ्या आरशाला शेपटीचा फटकाही न लावता निघून गेल्या. मामा खिडकीशी थांबले.

"बघिटलं का पावणं? म्हशीला अंग चोराय येतंय. तुमच्या गाडीला येत न्हाय. गल्लीत ऱ्हायचं म्हंजे अंग चोराय आलं पायजे की."

मी काच वर घेतली.

गणपतीच्या आधी मंडळाची बैठक भरते. वर्गणी, मांडव, मिरवणूक झाली की ऐनवेळचे विषय. त्या वर्षी मामा उठले आणि म्हणाले, "मोठ्या गाड्या गल्लीत नगोत. मेन रोडच्या मैदानावर लावा आन् चालत या. ठराव करा."

कुणीतरी विचारलं, मोठी म्हणजे केवढी? मामांनी विचार करून ठेवला होता. "जिची दोनी बाजूची दारं गल्लीत एकदम उघडत न्हाईत, ती मोठी." एवढी नेमकी व्याख्या आमच्या वॉर्डात आजवर कुणी केली नव्हती. लोकांनी माना डोलावल्या.

मी उठून आईचे गुडघे काढले. मामा म्हणाले, "आईस्नी कधी बसवलं हो? हप्ताभर मी मोजतोय. सोमवारी एक मानूस. मंगळवारी एक. बुधवारी दोन. पर त्यातलं एक कलिंगड हुतं."

हॉल हसला. माझी आई, जी बायकांच्या बाजूला बसली होती, तीही हसली. ठराव होणार हे दिसत होतं. आणि माझं डोकं फिरलं.

"मामा," मी म्हणालो, "स्वतःला घेता येत नाही म्हणून दुसऱ्याची नको, असं सरळ म्हणा की."

आता बाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. शब्दकोशात ईर्षा म्हणजे मत्सर, वाईट गोष्ट. आमच्याकडे ईर्षा हा रक्तगट आहे. तालमीत, मैदानात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. "तुला जमणार नाही" हे तीन शब्द ऐकून इथल्या माणसाने काय काय केलंय, त्याची यादी केली तर वही पुरणार नाही. कोल्हापूरच्या माणसाला शिवी दिली तर तो शिवी देऊन मोकळा होतो. पण घेता येत नाही म्हणालात, की तो घरी जाऊन विचार करतो.

मामा खाली बसले. मग परत उठले आणि म्हणाले, "ठराव माघारी." चपला घालून निघून गेले. लोक पुन्हा वर्गणीवर आले. मला जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी फटाके वाजले. बघतो तर काळी, सात सीटची, माझ्यापेक्षा वीतभर उंच गाडी. जुनी होती, पण धुऊन पुसून चकचकीत. पुढे झेंडूचा हार. बाजूच्या सीटवर मामा, डोक्याला फेटा. ज्याने विकली त्याचाच माणूस चालवत आणून सोडून गेला, कारण मामांना गाडी सोडा, सायकलही येत नव्हती.

मामी दारात उभी होती. हातात ओवाळायचं ताट आणि तोंडात वेगळंच. "दोन दुभत्या म्हशी दिल्या आन् हे खटारं आनलं. ह्याची धार काडा आता!"

तीनपैकी दोन म्हशी गेल्या होत्या. राहिली ती हरणी, सगळ्यांत म्हातारी.

मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "भाऊ," ते म्हणाले, "घेता येती बघा."

मी "छान आहे" म्हणालो. तिथेच, त्या क्षणी, "मामा, चुकलं माझं" म्हणायला हवं होतं. चष्मे विकणाऱ्याला समोरचं दिसत नाही, ते असं.

गाडी गल्लीत लावली तर स्वतःचाच शब्द खाली पडला असता. म्हणून मामांनी गोठ्यातली दावण काढली, दाराची चौकट काढली आणि गाडी आत घातली. ती आत गेली आणि हरणीला जागा उरली नाही. तिला बाहेर खांबाला बांधलं. आमच्या गल्लीत तेव्हा असं दृश्य होतं की सहा गाड्या आणि एक म्हैस रस्त्यावर, आणि सातवी गाडी गोठ्यात.

रोज सकाळी मामा गाडी धुवायचे. सवयीने पेंढ्याची चुंबळ घेऊन पाठीपासून पोटापर्यंत घसाघसा घासायचे. महिन्याभरात गाडीच्या अंगावर इतके ओरखडे उठले की काळा रंग राखाडी दिसू लागला. मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे आणि दार उघडं ठेवून तंबाखू मळायचे. आम्ही येता जाता विचारायचो, "काय मामा, कुठं निघालायसा?" ते म्हणायचे, "आलो की आत्ताच."

दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला गवळ्यांच्या म्हशी सजतात, हे तुम्हाला माहीत असेल. शिंगांना रंग, शिंगांवर मोरपिसं, गळ्यात कवड्यांचे पट्टे. मग मालक मोटरसायकलचा सायलेन्सर काढून सुसाट निघतो आणि म्हैस त्या आवाजामागे पळते. लोक दुतर्फा शिट्ट्या मारतात. मामांची म्हैस मात्र दरवर्षी मामांच्या पायांमागे पळायची. ते पुढे धोतर सावरत धावायचे आणि हरणी मागे.

त्या वर्षी मामा माझ्याकडे आले. "भाऊ, तेवढी गाडी चालवा की. हरणी गाडीमागं पळवायची हाय. तुमच्यामुळंच आलीया ती."

टोमणा होता की नाही, कळलं नाही. मी गेलो. गाडीच्या आरशांना मोरपिसं बांधली होती, बॉनेटवर कवड्यांचा पट्टा. मामा शेजारी बसले आणि म्हणाले, "काचा वर घ्या. एसी लावा. घेतलीया कशाला?"

मेन रोडला आलो. मामांनी आतून हाक घातली, "हरणेऽऽ, ये!" बंद काचेत ती हाक आमच्या दोघांच्याच कानात बसली. मागे हरणी उभी. इकडे बघे, तिकडे बघे. मालक कुठे गेला, तिला कळेना. लोक हसू लागले. कुणीतरी ओरडलं, "मामा, म्हशीला पन गाडीत घ्या, सीटा रिकाम्या हाईत!"

मामांनी काच खाली केली, हात बाहेर काढून हलवला. हरणीने त्या हाताकडे बघितलं आणि मान फिरवली. नुसत्या हाताला ती ओळखत नव्हती.

मग मामा उतरले. फेटा सीटवर ठेवला, गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले आणि जिभेने टक् केलं. हरणी गाडीच्या कडेने, अंग चोरून, मला ओलांडून गेली. मामा धावू लागले आणि ती त्यांच्यामागे. शिट्ट्या पडल्या. त्यांच्यामागून मी, सात सीटांत एकटा, मोरपिसं लावलेली गाडी हळूहळू हाकत निघालो. इतका बावळट मी आयुष्यात दिसलो नसेन, आणि त्याचवेळी डोळे भरून आले होते.

थंडीत महापालिकेची नोटीस आली. गल्लीत नव्या राहायला आलेल्या कुणीतरी तक्रार केली होती की रस्त्यावर म्हैस बांधल्याने वाहतुकीला अडथळा होतो. सहा गाड्यांचा होत नव्हता. हरणीला आत घ्या नाहीतर शहराबाहेर न्या, असं लिहिलं होतं.

मी मामांकडे गेलो. "मामा, गाडी विका. हरणीला परत गोठ्यात घ्या."

"आन् समदी म्हनतील, गवळ्याला झेपली न्हाय."

"कोण म्हणतंय?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं. मी घरी आलो.

मामांनी हरणीला शहराबाहेर, गडमुडशिंगीला आपल्या लेकीच्या घरी नेलं. मामा रोज पहाटे बसने जायचे, धार काढून किटली घेऊन परत यायचे, संध्याकाळी पुन्हा तेच. पण दूध कट्ट्यावर किटलीतलं दूध कोण पिणार? धार समोर काढलेली बघायची, म्हणून तर लोक येतात. गिऱ्हाईक तुटलं. हळूहळू मामांचा एक मुक्काम तिकडे पडू लागला, मग दोन. उन्हाळ्यात मामीही गेली. जाताना मामांनी गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. "अधनंमधनं चालू करत जावा. नुसती हुबी ऱ्हायली तर आखडंल."

पुढच्या गणपतीच्या बैठकीत ऐनवेळच्या विषयाला मी उठलो. मोठ्या गाड्या मेन रोडच्या मैदानावर, ठराव मी मांडतो, म्हणालो. व्याख्या मामांचीच ठेवली. पहिली गाडी मीच बाहेर काढली. महिनाभर शिव्या खाल्ल्या, मग सगळे चालायला लागले. घंटागाडी परत येते. आईने मला सांगितलं की गुडघ्यांना चालणं बरं असतं, हे डॉक्टर तिला पाच वर्षं सांगत होते.

मामांची गाडी तेवढी राहिली. मी चालू करत होतो, पण एक दिवस ती झालीच नाही, आणि मग टायरही बसले. ती ओढून न्यायला क्रेन लागेल, आणि क्रेन आमच्या गल्लीत येत नाही.

हे सगळं सांगायला मी गडमुडशिंगीला गेलो. बसने. मामा अंगणात हरणीला वैरण टाकत होते. खांदे उतरले होते. मला बघून म्हणाले, "या की भाऊ. लई दिसानं आलायसा."

मी आधी ते म्हणून टाकलं जे गाडी आली त्या दिवशीच म्हणायला हवं होतं. "मामा, चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं."

"तुमी नुस्तं बोलला. ईर्षा माझी हुती." त्यांनी पेंढी सोडली. "ऱ्हाऊ द्या ते. गल्लीचं सांगा."

मी ठरावाचं सांगितलं. सगळ्या गाड्या बाहेर गेल्याचं सांगितलं. मामा ऐकता ऐकता थांबले.

"समद्या?"

"समद्या. तुमची सोडून. ती हलत नाही."

मामांनी हिशेब लावला. मग चेहरा असा उजळला की मला बैठकीत कलिंगड मोजणारे मामा आठवले. "म्हंजे अख्ख्या गल्लीत आता मोठी गाडी एकच? आन् ती माझी?" मांडीवर थाप मारून ते इतके हसले की हरणीने वैरण सोडून वळून बघितलं. आतून मामी काय झालं म्हणून बाहेर आली. मीही हसलो. बराच वेळ आम्ही दोघे हसत होतो.

मग मामांनी टॉवेलने डोळे पुसले आणि विचारलं, "आन् गल्लीत दूद कुनाचं पिता हो आता?"

"पिशवीचं," मी म्हणालो.

मामा आत गेले, ग्लास आणला, पाण्याने विसळला आणि हरणीच्या पोटाशी जाऊन बसले.