अकराव्या होलची घंटा

आयव्हर स्मीटन गेला तेव्हा त्याच्या मुलीने डुगल रेनीला विचारले, "बाबांबद्दल चार शब्द बोलाल का?" डुगल गोंधळला. एकोणीस वर्षे दर बुधवारी तो स्मीटनबरोबर पालिकेच्या समुद्राकाठच्या मैदानावर गोल्फ खेळला होता, आणि तरी स्मीटनची बायको कशाने गेली हेसुद्धा त्याला धड ठाऊक नव्हते. एवढे मात्र ठाऊक होते, की स्मीटन अकरावे होल कधीच खेळत नसे. चेंडू खिशात टाकायचा आणि कडेच्या पायवाटेने बाराव्याकडे चालू लागायचा.

कारण सगळ्या गावाला माहीत होते, बोलत कोणी नसे. अकराव्यावर समोर वाळूची टेकडी आहे, पलीकडचे दिसत नाही. पुढचे खेळाडू लांब गेले की तिथल्या खांबावरची घंटा वाजवतात. ती ऐकू आल्यावरच मागच्यांनी मारायचे. तरुणपणी स्मीटनने दाट धुक्यात घंटा ऐकली आणि मारले. ती मैदानावरची नव्हती. जहाजांना खडक कळावेत म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या पिंपावरची होती. टेकडीपलीकडे टॅम लॉरी हा पोस्टमन वाकून आपला चेंडू शोधत होता. स्मीटनचा चेंडू त्याच्या कानशिलावर बसला आणि तो पुन्हा उठला नाही. पुढे बंदरवाल्यांनी ते पिंप काढून तिथे दिवा बसवला.

गेल्या सप्टेंबरात एका दुपारी स्मीटनने डुगलला स्वयंपाकघरात बसवून ओटची बिस्किटे पुढे केली आणि भरतीचे वेळापत्रक उलगडले.

"सोमवारी पोरगी मला ग्लासगोला नेतेय. चौथा मजला. त्याआधी बुधवारी अठराच्या अठरा होल खेळायचीत."

"अठरा?"

"बहिरा झालास का? अठरा."

त्याने सगळे ठरवून ठेवले होते. भरतीबरोबर वारा उठायच्या आत, आठला पहिला नंबर. चौथ्यावर चर्चच्या मनोऱ्याच्या दिशेने मारायचे, सातव्यावर काटेरी झुडपांपासून लांब राहायचे. "आणि अकराव्यावर घंटा होईपर्यंत थांबायचं."

"अरे लेका, पहिला नंबर आपला. पुढे कोण असणार, वाजवायला?"

"थांबायचं म्हणजे थांबायचं."

बुधवारी समुद्रावरून धुके आले. नावे लिहून घेणारी नॅन आपल्या लाकडी खोलीतून ओरडली, "स्मीटनकाका, घरी जा की! एक झेंडा दिसत नाहीये."

"झेंडे मला पाठ आहेत, पोरी."

"मग जा. पुढे चिटपाखरू नाही, मैदान तुमच्या बापाचंच!"

दहा होल बरी झाली. अकराव्यावर स्मीटन चेंडू मांडून उभा राहिला. पाच मिनिटे गेली, दहा गेली.

"आयव्हर, मी पलीकडे जाऊन वाजवतो."

स्मीटनने त्याची बाही घट्ट धरली. "पलीकडे जाऊ नकोस. आज नाही जमलं तर आता कधीच नाही."

लाटांचाही आवाज नव्हता. मग घंटा वाजली. दोनदा. जाता जाता कोणी सहज वाजवावी तशी.

"ऐकलंस?"

"ऐकलं," डुगल म्हणाला.

"समुद्राकडून?"

"नाही. टेकडीपलीकडून."

स्मीटनने मारले. चेंडू धुक्यात विरला.

टेकडी उतरून ते खाली आले. कोणी नव्हते. दवाने पांढरट झालेल्या गवतावर त्या दोघांचीच पावले, आणि तीही मागे. घंटेची दोरी स्तब्ध होती. डुगलने हात लावला तेव्हा तिच्यावर साठलेले थेंब एकदम खाली गळले; त्याआधी तिला कोणी शिवलेलेच नव्हते. स्मीटनने टोपी काढली, हळू आवाजात काहीतरी बोलला. डुगलशी नव्हे. डुगलने विचारले नाही. पुढे कधीतरी विचारू म्हटले, तर रविवारी पहाटे स्मीटन झोपेतच गेला.

त्या बुधवारी खेळ संपल्यावर गाडीपाशी स्मीटन बुटांच्या नाड्या सोडत होता. डुगलने पेन्सिल काढली.

"अकराव्याचे किती लिहू?"

"सहा."

"पाच झाले, मी मोजलेत."

"सहा. एक जुना, धुक्यातला. तू पाहिला नाहीस."

"बरं बाबा, सहा."