दुर्बीणकाका बातम्या वाचतात

नळ दुरुस्त करणाऱ्या या प्लंबरला सारी गल्ली दुर्बीणकाका म्हणायची. आयुष्यभर गळती शोधता शोधता त्यांची नजरच तशी झाली होती. कुणी दोन शब्द गोड बोललं, की काका मनात म्हणत, आता हा काय मागणार?

गल्लीतच एक निवृत्त शिक्षिका राहत, सगळे त्यांना बाई म्हणत; त्यांच्या गॅरेजात काकांनी आणि बाईंनी मिळून गावापुरतं रेडिओ केंद्र काढलं. नियम एकच, जाहिरात घ्यायची नाही. बाई सकाळच्या बातम्या वाचत आणि काका लोकांच्या मोऱ्यांत वाकून काम करता करता ट्रान्झिस्टर लावून, जाहिरात घुसत नाही ना, यावर पहारा देत.

मग ट्रान्समीटर बंद पडला. टायरच्या दुकानदारानं स्वतःहून दुसरा आणून दिला, वर काही मागितलं नाही. काकांना तेच खटकलं.

"फुकट कुणी देतं का?" त्यांनी बाईंना विचारलं.

"देतात की. तुम्ही नाही माझा नळ फुकट नीट करत?"

आठवडाभरानं बाईंनी बातम्यांत सांगितलं, पुलाजवळ रस्ता उखडलाय, टायर तपासून निघा. काकांना ही टायरवाल्याची छुपी जाहिरात वाटली; ते हातातल्या पान्यासकट गॅरेजात आले. दारात बाईंची स्कूटर होती. दोन्ही टायर कोरे करकरीत.

"हे कधी घातले?"

"जुने फुटल्यावर."

"कुणाकडून?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी गॅरेजची किल्ली टेबलावर ठेवली. "उद्यापासून बातम्या तुम्हीच वाचा," म्हणाल्या आणि घरात गेल्या.

काका तडक टायरच्या दुकानात गेले. तिथं रेडिओवर दुसरंच केंद्र लागलेलं.

"तुमचं अजून चालू आहे?" मालकानं विचारलं. त्यानं दिलेला ट्रान्समीटर त्याच्या भावाच्या हौसेचा, गोदामात अडगळ होऊन पडलेला, हे त्याच्याच बोलण्यातून कळलं.

"बाईंनी टायर इथूनच घेतले ना?"

"कोण बाई?"

काका परतले आणि बाईंच्या बंद दाराशी उभे राहिले. "बाई, माझं चुकलं बहुतेक."

"बहुतेक?" आतून आवाज आला. दार काही उघडलं नाही.

बाईंनी गॅरेज परत मागितलं नाही, पण माइकसमोरही पुन्हा बसल्या नाहीत. तेव्हापासून काकाच वाचतात. "उद्या पाऊस येणार, असं वेधशाळा म्हणते," आणि जरा थांबून, "बघू." लोक आधी हसले, मग त्यांच्याच शब्दावर विसंबू लागले. नगरपालिकेनं पाणी येणार असं कळवलं, तरी काका आधी नळ सोडून बघतात आणि मगच वाचतात.

बाई घरात रेडिओ लावतात का, हे काकांनी त्यांच्या खिडकीपाशी घुटमळत कितीदा तरी ऐकून पाहिलंय. अजून खात्री झालेली नाही.