यात्रेच्या सुट्टीत उघडलेलं इंजिन

चैत्र यात्रेला गॅरेजांनी भरलेलं आमचं अर्धं उद्यमनगर जोतिबाच्या डोंगरावर असतं. त्या दिवसांत बंद पडलेल्या गाडीला कोल्हापुरात कुणी वाली नसतो. वडिलांच्या माघारी आमचं गॅरेज मी चालवते, म्हणजे पुढं काउंटरवर बसून स्पेअर पार्ट विकते आणि मागं मिस्त्री काम करतात. त्या वर्षी मिस्त्री शुक्रवारीच यात्रेला गेले. शनिवारी सकाळी मी शटर वर केलं, तर समोर माझी शाळेपासूनची मैत्रीण उभी, आणि तिच्या मागं दोरीनं ओढून आणलेली तिची व्हॅन.

नवरा गेल्यावर तिनं ही जुनी व्हॅन घेतली आणि शाळेच्या पोरांची ने-आण सुरू केली. घर त्यावरच चालायचं. त्या महिन्यात गाडी दोनदा वाटेत तापून उभी राहिली होती. सोमवारी वार्षिक परीक्षा सुरू होणार होती, आणि शाळेनं तिला तोंडावर सांगितलं होतं की पहिल्या पेपरला पोरं वेळेत आली नाहीत, तर मंगळवारपासून दुसरा व्हॅनवाला. तो दुसरा तर टपूनच बसला होता.

“मिस्त्री कुठं हायत?” तिनं विचारलं.

“डोंगरावर.”

“मग गं?”

“मग काय? मी हाय की!”

बोलून गेले खरी. लहानपणी मी याच गॅरेजात वडिलांच्या हातात पाने देत वाढले, पुढं त्यांच्या देखरेखीखाली इंजिनंही उघडली. पण काउंटरवर बसायला लागल्यापासून हाताला ग्रीस लागलं नव्हतं. तरी एकदा तोंडातून शब्द गेला की माघार घेणाऱ्यातली मी नव्हे.

या व्हॅनचं इंजिन सीटखाली असतं. सीट उचलली, ऑइलची पट्टी ओढून बघितली. काळं असायचं ते ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं. म्हणजे ऑइलमध्ये पाणी उतरत होतं. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, त्याच्याखालचं पातळ पॅकिंग, गॅस्केट, गेलं होतं. नवं गॅस्केट माझ्याच दुकानात होतं. ते बसवायचं तर अर्धं इंजिन सोडवावं लागणार होतं, एवढंच.

तेवढ्यात आमची तिसरी मैत्रीण नैवेद्याच्या पुरणपोळ्या द्यायला आली. ती गणिताची शिक्षिका. तिला मी परत जाऊच दिलं नाही. तिनं जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली, निघेल तो बोल्ट ओळीनं मांडला आणि प्रत्येकापुढं खडूनं आकडा टाकला. मिस्त्र्यांच्या राज्यात एवढी टापटीप मी कधी बघितली नव्हती.

हेडचे बोल्ट काही केल्या सुटेनात. शेवटी व्हॅनवालीनं पान्याला लोखंडी पाइप अडकवला, पाय टेकवला आणि असा हिसका दिला की बोल्ट कुरकुरत फिरला.

“कुणाला आठवून ओढलंस गं?” मी विचारलं.

“त्या दुसऱ्या व्हॅनवाल्याला!”

मग बाकीचे बोल्टही तिनंच सोडवले. आम्ही हसून हसून बेजार.

रविवारी हेड घासून स्वच्छ केलं. गणिताच्या बाईंनी त्यावर पोलादी पट्टी उभी धरून, डोळा बारीक करून, खालून उजेड दिसत नसल्याचा, म्हणजे हेड वाकलं नसल्याचा निर्वाळा दिला. गॅस्केट ठेवलं. बोल्ट आवळायचे ते मधून कडेकडं, पुरणपोळी लाटतात तसे, थोडे थोडे. घाई केली की पोळी फुटते आणि गॅस्केटही. दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं, नवं ऑइल भरून झालं. व्हॅनवालीनं हात जोडून किल्ली फिरवली.

इंजिन फिरलं, खोकलं, सायलेन्सरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि सगळं शांत. परत फिरवली. परत फटाका. बॅटरी दमायला लागली.

नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला. तो दुसरा व्हॅनवाला. आवाज आम्हालाही ऐकू येत होता. “वहिनी, उद्या पोरं मी उचलू काय? उगं परीक्षेचा खेळ नको.”

“सांगतो थोड्या वेळात,” म्हणून तिनं फोन ठेवला आणि पायरीवर बसली. ग्रीसनं भरलेल्या हातांकडं बघत म्हणाली, “उचलू दे गं त्याला. पोरांचं वर्ष कशाला घालवायचं?”

मला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्यापेक्षा जास्त माझा. तेवढ्यात आठवलं, फटाके फुटतात ते ठिणगी चुकीच्या वेळी पडली की. मी शिक्षिकेवर ओरडले, “प्लगच्या वायरी कुणी लावल्या?”

“मी! साफ करायला काढल्या आन् बरोब्बर लावल्या की. एक, दोन, तीन. आनखी कशा लावतात?”

मी कपाळावर हात मारला. या तीन सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी एक, तीन, दोन अशी पडते. बाईंनी इंजिनालाही पाढे शिकवले होते!

“हे कसलं गणित?” ती रागानं म्हणाली.

“इंजिनाचं!”

दोन वायरींची अदलाबदल केली. “ऊठ,” मी व्हॅनवालीला म्हटलं, “फिरव.” तिनं जपून किल्ली फिरवली. एक गचका, आणि इंजिन सुरू झालं. नुसतं सुरू झालं नाही, एकसारखं गुणगुणायला लागलं. “जोतिबाच्या नावानं चांगभलं!” असा गजर गणिताच्या बाईंनी केला, तो डोंगरावर गेला असेल. आम्ही तिघी काळ्या हातांनी एकमेकींच्या गळ्यात पडलो. साड्यांची वाट लागली.

इंजिन तापलं की वर चढणारा काटा जागचा हलतो का, हे बघत रंकाळा तलावाला दोन फेऱ्या मारल्या. हलला नाही. मग तिनं फोन लावला. “भाऊ, तुमी तुमची पोरं बघा. माझी मी आणतो.”

सोमवारी माझ्यानं दुकानात बसवेना. मी शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. बघते तर ती रोज जिथं गाडी लावायची तिथंच त्या दुसऱ्याची व्हॅन उभी. पेपरला बराच वेळ होता, तेव्हाच कोपऱ्यावरून ती वळली. पोरं पॅड छातीशी धरून दाटीवाटीनं बसलेली. ती थेट त्याच्या मागं येऊन थांबली आणि तिनं हॉर्नवर हात ठेवला.

वॉचमन धावला. “ओ ताई, शाळा हाय ही! हॉर्न बंद करा!”

तिनं हात काढला नाही. माझे डोळे भरून आले आणि मी भर रस्त्यात टाळ्या वाजवायला लागले. त्या दुसऱ्या व्हॅनवाल्यानं आरशात बघितलं, गाडी चालू केली आणि पुढं घेतली. मग तिनं आपली व्हॅन आपल्या जागेवर लावली आणि पोरांसाठी दार उघडलं.